मोठा माल, परवान्याचा माल: नागपूरहून परदेशी पाठवणी कशी आखावी

हिंगणा एमआयडीसीतून मला दर काही महिन्यांनी सारखाच फोन येतो. "भाऊ, माल त तयार आहे. पेंटिंग बी झालं. आता फक्त गाडी अन् जहाज पाहून द्या." माल म्हणजे बहुतेक वेळा एखादा रिअ‍ॅक्टर, कॉलम किंवा हीट एक्स्चेंजर. मी मापं विचारतो, धातू विचारतो, कोणत्या देशात कोणाकडे चाललाय ते विचारतो. तिसऱ्या उत्तरापर्यंत आम्हा दोघांच्याही लक्षात येतं की हा फोन आठ महिने आधी यायला हवा होता. हा लेख त्या आठ महिन्यांसाठी आहे.

अशा मालाला दोन वेगळ्या अडचणी असतात. एक आकाराची: नेहमीच्या कंटेनरमध्ये आणि नेहमीच्या ट्रेलरवर तो मावत नाही. रस्त्यावरची माणसं त्याला ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) म्हणतात, जहाजवाले ओओजी (कंटेनरच्या मापाबाहेरचा) किंवा ब्रेकबल्क (कंटेनरशिवाय सुटा चढवायचा) म्हणतात. दुसरी कायद्याची: काही यंत्रं, धातू, रसायनं आणि तंत्रज्ञान सरकारच्या परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाहीत, कारण त्यांचा उपयोग शस्त्रांसाठीही होऊ शकतो. ट्रेलरचं काम जाणणाऱ्याला बहुधा परवान्याचं काही माहीत नसतं, आणि परवान्याचा सल्लागार कधी ट्रेलरजवळ उभा राहिलेला नसतो. माल अडकतो तो या दोघांच्या मधल्या जागेत.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जातो. हिंगण्यात बनलेला एक डिस्टिलेशन कॉलम समजा. लांबी २१ मीटर, व्यास ३.४ मीटर, वजन ४६ टन. बाहेरचं अंग साध्या कार्बन स्टीलचं, आतून हॅस्टेलॉय सी-२७६ या निकेलच्या मिश्रधातूचं अस्तर.

पहिली पायरी: ड्रॉइंग आणि मिल सर्टिफिकेट समोर घ्या

पाठवणीचा पहिला कागद इन्व्हॉइस नसतो, जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग, म्हणजे पूर्ण मालाचा मापांसह नकाशा असतो. ऑर्डर स्वीकारण्याआधी ते टेबलावर पसरून दोन गोष्टी तपासायच्या: बाहेरची मापं, आणि आतल्या रसायनाला नेमका कोणता धातू लागतो.

दुसऱ्या गोष्टीचं कारण स्कोमेट यादी. विशेष रसायनं, सूक्ष्मजीव, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान यांची ही भारताची निर्यात-नियंत्रण यादी आहे. ती विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे आपण ज्याला डीजीएफटी म्हणतो, ते काढतं. ० ते ८ अशा तिच्या गटांत अणुविषयक वस्तू, विषारी रसायनं, जिवाणू-विषाणू, प्रक्रिया-उपकरणं, अवकाश-विमान, युद्धसामग्री, इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर असं सगळं येतं. सातवा गट सध्या राखीव आहे. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात, डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत आणि जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये गेला. हे तिन्ही निर्यात-नियंत्रणाचे आंतरराष्ट्रीय गट. तेव्हापासून आपली यादी त्यांच्या याद्यांशी बरीच जुळती आहे.

नागपूरच्या फॅब्रिकेटरने बारकाईने वाचावा असा गट म्हणजे तिसरा. त्यात रासायनिक कारखान्यांची उपकरणं आहेत. १०० लिटरपेक्षा मोठी आणि २०,००० लिटरपेक्षा लहान रिअ‍ॅक्शन व्हेसल, ०.१५ ते २० चौरस मीटर उष्णता-पृष्ठभागाचा हीट एक्स्चेंजर, आतून ०.१ मीटरपेक्षा जास्त व्यासाचा डिस्टिलेशन कॉलम, ठरावीक आकारापुढचे वॉल्व्ह: हे सगळं यादीत येऊ शकतं. पण अट अशी की रसायनाला लागणारे सगळे पृष्ठभाग विशिष्ट धातूंचे किंवा साहित्याचे असायला हवेत. ४० टक्क्यांपेक्षा जास्त निकेल असलेले मिश्रधातू, किंवा २५ टक्क्यांपेक्षा जास्त निकेल आणि २० टक्क्यांपेक्षा जास्त क्रोमियम असलेले; शिवाय टायटॅनियम, टँटलम, झिर्कोनियम, नायोबियम, काच किंवा ग्लास-लाइनिंग, फ्लुओरोपॉलिमर वगैरे.

आता उदाहरणाकडे या. मालक म्हणेल, "साहेब, हा त कार्बन स्टीलचा आहे." अंग कार्बन स्टीलचं, बरोबर. पण रसायनाला लागतं अस्तर, आणि हॅस्टेलॉय सी-२७६ मध्ये निकेल ५० टक्क्यांच्या वर असतं. कॉलमला व्यासाची वरची मर्यादा नाही. म्हणजे हा कॉलम परवान्याचा माल झाला. तोच कॉलम ३१६ एल स्टेनलेस स्टीलचा असता तर प्रश्न आला नसता, कारण त्यात निकेल १० ते १४ टक्के आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते ९०४ एलच्या बाबतीत. या स्टीलमध्ये निकेल २३ ते २८ आणि क्रोमियम १९ ते २३ टक्क्यांच्या दरम्यान असतं. म्हणजे एक प्लेट रेषेच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे असू शकते. माझ्यासमोर एकदा एकाच व्हेसलच्या दोन प्लेटांची दोन मिल सर्टिफिकेटं, म्हणजे धातूच्या कारखान्याने दिलेली घटकांची पत्रं होती. एकीत निकेल २४.३, दुसरीत २५.४ आणि क्रोमियम २०.६. सर्टिफिकेटवरचे हे आकडे कोणी फॅक्टरीत फाइल लावताना वाचत नाही. ते फक्त हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतणीचा क्रमांक जुळवतात. म्हणून ९०४ एल आणि अलॉय २० च्या कामात मिल सर्टिफिकेटं प्लेट कापण्याआधी मागून घ्या. शंका राहिली तर तो माल परवान्याचा धरून पुढे चला आणि डीजीएफटीकडे वर्गीकरण विचारा. आधी स्वतः वर्गीकरण करून, कारणं लिहून मगच विचारा, म्हणजे उत्तरही नेमकं मिळतं.

सोबत जाणाऱ्या सुट्या भागांचीही अशीच छाननी करा. कॉलमबरोबर एका लाकडी पेटीत सहा वॉल्व्ह, दोन पंप-सील आणि काही गॅस्केट जातात. हॅस्टेलॉयचा २५ मिलिमीटरचा वॉल्व्ह स्वतःच यादीत असतो. पेटीचं वजन दीडशे किलो म्हणून ती कोणी पाहत नाही, आणि कस्टमच्या तपासणीत पूर्ण पाठवणी तिच्यापायी थांबते.

मालात अमेरिकन बनावटीचे ट्रान्समीटर, कंट्रोलर किंवा सॉफ्टवेअर असेल तर त्यांच्या पुरवठादाराकडून वर्गीकरण क्रमांक लेखी घ्या. अमेरिकेचा कायदा त्या भागांच्या पुनर्निर्यातीलाही लागू होतो. तुमच्या मालात अमेरिकेतल्या नियंत्रित भागांची किंमत सर्वसाधारण देशांसाठी २५ टक्के, आणि बंदी असलेल्या काही देशांसाठी १० टक्के, या मर्यादेच्या वर गेली तर तुमचा अख्खा माल त्या कायद्याखाली येऊ शकतो.

आणि ईमेल. नियंत्रित उपकरण बनवण्याची तांत्रिक माहिती परदेशी ग्राहकाला पाठवणं हीसुद्धा निर्यातच आहे. कोटेशनसोबत बाह्य मापांचं ड्रॉइंग देणं वेगळं आणि बनवण्याचा पूर्ण आराखडा देणं वेगळं. यातला फरक डिझाइनच्या पोरांना आधीच समजावून ठेवा.

दुसरी पायरी: माल कोणाकडे जातो, कशासाठी

खरेदी करणारा आणि वापरणारा बरेचदा वेगळे असतात. दुबईतला व्यापारी ऑर्डर देतो, माल तिसऱ्याच देशातल्या कारखान्यात उभा राहतो. परवान्यासाठी शेवटचा वापरकर्ता कोण हे नावानिशी, पत्त्यानिशी लागतं, आणि त्याच्याच लेटरहेडवर सही-शिक्क्याचं अंतिम वापर प्रमाणपत्र लागतं. मधले सगळे दलाल, माल स्वीकारणारे, बिल भरणारे कागदावर दिसले पाहिजेत.

यादीत नसलेल्या मालालाही हा प्रश्न सुटत नाही. माल सामूहिक संहाराच्या शस्त्रांच्या कामी जाणार असल्याचं तुम्हाला माहीत असेल, किंवा तसं वाटायला सबळ कारण असेल, तर साध्या स्टीलच्या टाकीलाही परवाना लागतो. याला कॅच-ऑल म्हणतात. मागे १९९२ चा विदेश व्यापार कायदा आहे, २०१० मध्ये त्यात याच विषयाचा वेगळा भाग घातला गेला, आणि २००५ चा सामूहिक संहार शस्त्रांविषयीचा कायदाही आहे. त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे.

खटकणाऱ्या खुणा ओळखायला शिका. ग्राहकाला मशीन बसवून द्यायला तुमचा माणूस नको आहे. वॉरंटीची पर्वा नाही. पत्ता फॉरवर्डरच्या गोदामाचा आहे. औषधाचा कारखाना म्हणतो, पण मागतो ते साहित्य त्याच्या प्रक्रियेला बसत नाही. यातली एक खूण दिसली तरी फोन उचलून थेट विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या आणि ज्या देशांच्या बँकांतून पैसे फिरणार आहेत त्यांच्या निर्बंध याद्यांत नाव तपासून त्या दिवसाची प्रत फाइलला लावा.

तिसरी पायरी: परवान्याचा अर्ज

अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. अणुविषयक शून्य गटासाठी अणुऊर्जा विभाग आणि युद्धसामग्रीच्या सहाव्या गटासाठी संरक्षण उत्पादन विभाग परवाना देतो. बाकीच्यांसाठी डीजीएफटी, वेगवेगळ्या मंत्रालयांच्या कार्यगटात चर्चा होऊन. ऑर्डरची प्रत, अंतिम वापर प्रमाणपत्र, तांत्रिक तपशील आणि ड्रॉइंग लागतात. प्रश्न परत येतात, उत्तरं द्यावी लागतात. मी नव्या निर्यातदाराला नेहमी सांगतो की वेळापत्रकात यासाठी तीन महिने बाजूला ठेवा आणि ग्राहकाशी करार करताना डिलिव्हरीची मुदत परवाना मिळाल्याच्या तारखेपासून मोजा, ऑर्डरच्या तारखेपासून नको. ही एक ओळ करारात असली की पुढचा निम्मा ताण जातो.

आकार आणि परवाना एकमेकांत अडकतात ते इथे. अर्जात "डिस्टिलेशन कॉलम, १ नग" लिहिलं. पुढे रस्त्याचा सर्व्हे झाला, एका वळणावर २१ मीटर जात नाही असं कळलं, आणि कॉलम दोन तुकड्यांत न्यायचं ठरलं. आता पॅकिंग लिस्टमध्ये २ नग, शिपिंग बिलात (कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदात) २ नग आणि परवान्यात १. ग्राहकाच्या प्रमाणपत्रात तर तिसरंच वर्णन. एका निर्यातदारासोबत मी हे भोगलं आहे. बंदराच्या शेडमध्ये माल अठरा दिवस उभा होता, आणि दोष कोणाचाच नव्हता, फक्त क्रम चुकला होता. म्हणून रूट सर्व्हेची पहिली फेरी परवान्याच्या अर्जाआधी करा. तुकडे होणारच असतील तर अर्जातच "१ नग, २ भागांत, जोडणीसह" असं लिहा, आणि तेच शब्द ग्राहकाच्या प्रमाणपत्रात, इन्व्हॉइसवर, पॅकिंग लिस्टवर, शिपिंग बिलात उतरवा. शब्द न् शब्द तोच. इंग्रजीतलं एखादं "असेंब्ली" इकडचं तिकडे झालं तरी तपासणारा अधिकारी विचारणार, आणि त्याने विचारायलाच हवं.

चौथी पायरी: पॅक झाल्यावरची मापं

ड्रॉइंगवरचा व्यास ३.४ मीटर आहे म्हणून रुंदी ३.४ धरू नका. नोझल, लिफ्टिंग लग (उचलायचे कान), प्लॅटफॉर्मचे ब्रॅकेट, खालचं सॅडल (आधाराची बैठक), सगळं धरून जी पेटी कल्पनेत तयार होते तिची मापं लागतात. आपल्या कॉलमची ती निघाली २१ × ३.८ × ४.० मीटर.

ब्रेकबल्क जहाजाचं भाडं बहुधा टन किंवा घनमीटर, यांतला जो आकडा मोठा असेल त्यावर आकारतात. वजन ४६ टन, घनफळ ३१९.२ घनमीटर. भाडं ३१९.२ वर लागणार. समजा एका बाजूने शिडीचा ब्रॅकेट ३० सेंटीमीटर बाहेर आला आणि तो वेल्डिंग करून टाकला. रुंदी ४.१ झाली, घनफळ ३४४.४. एका ब्रॅकेटपायी २५ घनमीटरचं जास्तीचं भाडं. तोच ब्रॅकेट बोल्टचा ठेवला असता तर सुट्या पेटीत गेला असता. ड्रॉइंगवर हा बदल एका मिनिटाचा असतो. म्हणून डिझाइन करणाऱ्याला सुरुवातीपासून सोबत बसवा.

त्याच ड्रॉइंगवर गुरुत्वमध्य दाखवा आणि लिफ्टिंग लगांची क्षमता लिहा. शेडमध्ये हायड्राने (छोट्या क्रेनने) उचलताना कॉलम एका टोकाला झुकला तर चार माणसं सावरतात; बंदरात जहाजाच्या क्रेनला तो झुकला तर सावरायला कोणी नसतं.

पाचवी पायरी: बंदर आणि जहाज

लहान ओव्हरसाइझ माल कंटेनरच्या जाळ्यातूनच जातो. चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर आणि दाराची उंची २.५८ मीटर. यापेक्षा फक्त उंची जास्त असेल तर ओपन टॉप (वरून उघडा कंटेनर), रुंदीही जास्त असेल तर फ्लॅट रॅक (बाजूंना आणि वर उघडा). फ्लॅट रॅकवरचा माल बाजूच्या आणि वरच्या जागा अडवतो, त्यामुळे जहाज कंपनी त्या रिकाम्या जागांचंही भाडं घेते. नागपूरच्या आयसीडीतून (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून) रेल्वेने न्यायचा विचार असेल तर आधी रेल्वेच्या मोजमाप मर्यादेत बसतो का ते विचारा; बाहेर आलेला फ्लॅट रॅक प्रत्येक गाडीवर चालत नाही.

आपला कॉलम फ्लॅट रॅकच्या पलीकडचा. त्याला ब्रेकबल्क जहाज हवं. नागपूरचं भौगोलिक स्थान पाहा: राष्ट्रीय महामार्ग ५३ पश्चिमेला अमरावती, धुळे, सुरत करत हजीऱ्याला जातो आणि पूर्वेला रायपूर, संबलपूरमार्गे पारादीपला. शहराबाहेर तो महामार्ग ४४ ला भेटतो. म्हणजे मुंबई हाच एक पर्याय नाही. मुंबई बंदरात ब्रेकबल्कची जुनी सोय आहे, पण शहरातून ट्रेलर न्यायचा आणि वाटेत कसारा घाट उतरायचा. हजीऱ्याची वाट घाटाच्या मानाने सोपी. ग्राहक आग्नेय आशियात असेल तर विशाखापट्टणमचा विचार करावाच. अंतर, घाट, जहाजाची फेरी आणि परवान्यातलं बंदर हे चारही एकत्र तपासून निर्णय घ्या.

परवान्याच्या मालाला शक्यतो सरळ जाणारं जहाज पाहा. मध्ये सिंगापूरला माल उतरून दुसऱ्या जहाजावर चढणार असेल तर सिंगापूरचा स्वतःचा सामरिक वस्तूंचा कायदा ट्रान्सशिपमेंटलाही लागू होतो, आणि तिथली परवानगी वेगळी. सरळ जहाजाचं भाडं जास्त दिसतं. मधल्या बंदरातली अडवणूक जोडली की बहुतेकदा तेच स्वस्त पडतं.

लेटर ऑफ क्रेडिटवर (ग्राहकाच्या बँकेच्या पैशाच्या हमीवर) काम असेल तर डेकवर माल ठेवायचा का ते बँकेत जाण्याआधी ठरवा. लेटर ऑफ क्रेडिटचे आंतरराष्ट्रीय नियम, यूसीपी ६००, यांनुसार बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) माल डेकवर लादला आहे असं लिहिलेलं बँक स्वीकारत नाही, क्रेडिटमध्ये तशी मुभा दिलेली नसेल तर. २१ मीटरचा कॉलम डेकवरच जाण्याची शक्यता मोठी. क्रेडिट उघडताना ती मुभा लिहून घ्या. नंतर दुरुस्ती मागायला ग्राहकाची बँक वेळ घेते. विम्यातही डेकवर असल्याचं आधी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा निघतो.

सहावी पायरी: रस्ता

या पायरीवर मी जास्त बोलणार, कारण नवा माणूस इथेच सगळ्यात कमी वेळ देतो.

नेहमीच्या वाहनाला २.६ मीटर रुंदी आणि ४ मीटर उंची, आणि ट्रॅक्टर-ट्रेलरला एकूण ५५ टन वजन, या मर्यादा धरा. आपला कॉलम हायड्रॉलिक अ‍ॅक्सलच्या डेकवर (सुमारे १.१ मीटर) चढला की उंची ५.१ मीटर होते, आणि ४६ टनांत पुलर-ट्रेलरचं वजन मिळवलं की ५५ टन कधीच मागे पडतात. म्हणून परवानगी लागते, आणि ती फक्त अविभाज्य मालाला मिळते: जो तुकडे न करता एकच आहे, असा. दोन रिअ‍ॅक्टर एका ट्रेलरवर ठेवून "वजन जास्त आहे" म्हणता येत नाही.

ज्याचा रस्ता, त्याची परवानगी. राष्ट्रीय महामार्गांसाठी रस्ते वाहतूक मंत्रालयाची ऑनलाइन सोय आहे. राज्य रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, शहरात वाहतूक पोलीस आणि महापालिका. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, हिंगण्याजवळच्या शिवमडक्यापासून तो सुरू होतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की आता काम सोपं. पण इगतपुरीजवळ त्यावर सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे, आणि एवढ्या मोठ्या मालाला तिथून सोडतील का हे रस्ते विकास महामंडळाकडून लेखी घेतल्याशिवाय त्या वाटेचा हिशेब करू नका.

आता सर्व्हे. गुगलचा नकाशा पाहून सर्व्हे होत नाही. गाडीच्या टपावर पीव्हीसी पाइप उभा बांधायचा, मालाच्या उंचीपेक्षा १५ सेंटीमीटर उंच, आपल्या कॉलमसाठी ५.२५ मीटर. धातूचा पाइप कधीच नको, विजेच्या तारांखालून जायचं आहे. मागे एक माणूस वही घेऊन बसतो. पाइपचं टोक कुठे फांदीला, कुठे फलकाला, कुठे केबलला लागलं ते किलोमीटर दगडासह लिहायचं. महामार्गावरच्या नव्या पुलांखाली ५.५ मीटरची मोकळी उंची असते. अडचण गावातल्या जुन्या कमानी, केबलच्या तारा आणि रेल्वे फाटकांच्या हाइट गेजची. नागपुरातच पाहा: हिंगणा रोडवर मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन आहे, वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल. म्हणून एमआयडीसीतून निघालेला माल आम्ही शहरात न आणता वाडीच्या बाजूने अमरावती रोडला काढतो.

वळणं मोजायला ट्रेलरच्या लांबीचा दोर आणि खडू पुरतो. वळणावर खडूने चाकांचा मार्ग काढून पाहा. वेळ जातो, पण याला पर्याय मला सापडला नाही.

सर्व्हे कधीचा आहे हे विसरू नका. एकदा मी एप्रिलमध्ये सर्व्हे करून घेतला आणि माल निघाला सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात एका गावात गणपतीची कमान उभी राहिली होती आणि दुसरीकडे रस्त्यावर डांबराचा नवा थर आला होता. थर फक्त सहा सेंटीमीटर. कमानीवाल्या मंडळाशी बोलून मार्ग निघाला, मंडळाच्या पोरांनी स्वतः बांबू सोडवले, चहाही पाजला. पण केबलच्या तारा सहा सेंटीमीटरने जवळ आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी वीज कंपनीची परवानगी घेण्यात दोन रात्री गेल्या. तेव्हापासून निघण्याच्या आठ दिवस आधी दुसरी फेरी मी कधीच टाळत नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो. टायर आणि हायड्रॉलिक होज तापतात, थांबे जास्त घ्यावे लागतात. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. मला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत रस्ता आणि समुद्र दोन्ही साथ देतात. डिलिव्हरीची तारीख ठरवतानाच हे डोक्यात ठेवा.

सातवी पायरी: ई-वे बिल आणि बाकीचे कागद

ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्याच्या मुदतीचा नियम नीट लक्षात ठेवा. नेहमीच्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. ओव्हर डायमेन्शनल मालाला दर २० किलोमीटरला एक दिवस. नागपूर ते बंदर ८५० किलोमीटर धरले तर नेहमीच्या वाहनाचं बिल ५ दिवसांत संपतं, ओडीसीचं ४३ दिवस चालतं. फरक आहे वाहनाच्या प्रकारातल्या एका निवडीचा. आमच्याच कार्यालयातल्या एका नव्या मुलाने घाईत "रेग्युलर" निवडलं होतं. सहाव्या दिवशी ट्रेलर अर्ध्या वाटेत तपासणीत थांबला. चूक आमची होती, दंडाची तयारीही आम्हालाच ठेवावी लागली. आता बिल तयार झालं की दुसरा माणूस वाहनाचा प्रकार मोठ्याने वाचून दाखवतो. मुदत वाढवायची झाल्यास संपण्याच्या आठ तास आधी किंवा आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते.

बाकी कागद: आयईसी (आयात-निर्यात कोड), बँकेचा एडी कोड (परकी चलनाचा व्यवहार करणाऱ्या बँकेचा क्रमांक) ज्या बंदरातून माल जाणार तिथे नोंदवलेला, आयजीएसटी न भरता पाठवायचं तर एलयूटी (हमीपत्र), आणि कस्टम ब्रोकरमार्फत आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर शिपिंग बिल, त्यात परवान्याचा क्रमांक. बंदर बदललं तर एडी कोडची नोंदणी तिथेही लागते. हे आयत्या वेळी आठवतं, म्हणून इथे सांगून ठेवतो. कंटेनरमध्ये माल असेल तर १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढण्याआधी व्हीजीएम, म्हणजे पडताळलेलं एकूण वजन, द्यावंच लागतं.

स्फोटकांचा विषय मी मुद्दाम घेतलेला नाही. त्यांची वाट वेगळी आहे, आणि पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं, मुख्यालय आपल्याच शहरात सेमिनरी हिल्सला आहे. तिथे आधी जा.

आठवी पायरी: बांधणी

सॅडलचं लाकूड, खालच्या फळ्या, पाचर, पेटी, सगळ्या लाकडावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का हवा. त्यासाठी लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेला असतो. पेटीवर शिक्का असतो, पण शेडमधल्या माणसाने जाता जाता खाली सरकवलेल्या दोन पाचरांवर नसतो, आणि परदेशातला वनस्पती-निरीक्षक नेमक्या त्याच पाहतो. शिक्क्याच्या लाकडाचे तुकडे वेगळ्या पोत्यात भरून ठेवा आणि त्यातलेच वापरा.

कॉलमच्या आत ओलावा राहू नये म्हणून कोरडा नायट्रोजन भरतात. गेज बसवा, भरतानाचा दाब लिहा, आणि मॅनहोलजवळ इंग्रजीत व पोहोचण्याच्या देशाच्या भाषेत धोक्याची सूचना रंगवा. नायट्रोजनने भरलेल्या भांड्यात डोकं घालणारा माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. आपल्या शेडपासून हजारो किलोमीटर दूर कोणीतरी ते झाकण उघडणार आहे, त्याचा जीव त्या पाटीवर आहे.

लॅशिंगचा, म्हणजे माल साखळ्यांनी जखडण्याचा हिशेब अंदाजाने करू नका. मालाच्या बांधणीची २०१४ ची आंतरराष्ट्रीय संहिता रस्त्यावर पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट जोर धरायला सांगते, बाजूला आणि मागे ०.५ पट. ४६ टनांच्या कॉलमला ब्रेक मारताना ३६.८ टनांचा जोर पुढे येतो. खवळलेल्या समुद्रात तोच ०.८ पट जोर बाजूने येतो. साखळी, टर्नबकल, स्टॉपर त्या आकड्यावर निवडा आणि सर्व्हेअरकडून फोटोसह प्रमाणपत्र घ्या. विम्याचा दावा करायची वेळ आली तर तेच फोटो लागतात.

माल पोहोचल्यावर

ग्राहकाकडून पोहोच लेखी घ्या. परवान्याच्या मालाची सगळी कागदपत्रं पाच वर्षं जपून ठेवावी लागतात: परवाना, अंतिम वापर प्रमाणपत्र, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, पत्रव्यवहार. मी त्यातच मिल सर्टिफिकेटं आणि सर्व्हेची वहीही ठेवतो.

ती फाइल कपाटात मागे ढकलू नका. दीड-दोन वर्षांनी ग्राहकाचा निरोप येतोच: दोन वॉल्व्ह खराब झाले, कुरियरने पाठवा. एकूण चार किलोचं पाकीट. मागच्या परवान्यातले सहा वॉल्व्ह तर केव्हाच गेले, या दोघांना त्यात जागा नाही. फाइल काढा, वॉल्व्हच्या धातूचं सर्टिफिकेट पाहा, आणि कुरियरवाल्याला फोन लावण्याआधी डीजीएफटीच्या पोर्टलवर लॉगिन करा. ४६ टनांना जसा परवाना लागला, तसाच या चार किलोंनाही लागतो.